काकी माइकपुढे उभी राहिली तेव्हा

बातमी आली तेव्हा मी वर्गात होते. पेणच्या ज्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवते, तिथे पहिल्या वर्षाच्या मुलांचा भाषणकौशल्याचा तास चालू होता. एक मुलगी समोर उभी राहून आपल्या गावच्या जत्रेविषयी अडखळत बोलत होती. टेबलावर माझा फोन थरथरला आणि त्यावर काकांचं नाव दिसलं. काका कधी फोन करत नाहीत, फार तर मिस्ड कॉल देतात. मी दाराबाहेर जाऊन फोन घेतला. "प्रणाली, काकी गेली गो," एवढंच ते म्हणाले. परसात वालाच्या शेंगा तोडता तोडता तिला घेरी आल्यासारखं झालं, ती बांधावर टेकली आणि तिथेच संपली. मी आत आले. ती मुलगी अजून उभीच होती. माझ्या चेहऱ्याकडे बघून तिनं विचारलं, "मॅडम, थांबू का?" मी म्हटलं, "नको. पूर्ण कर." आणि तिची जत्रा संपेपर्यंत मी ऐकत राहिले... उभ्या राहिलेल्या माणसाला अर्ध्यावर बसवलेलं वत्सलाकाकीला अजिबात चालायचं नाही.

वत्सलाकाकी आमच्या शेजारची. आमचं गाव कासू स्टेशनपासून बरंच आत, डोंगराच्या अंगाला. पावसाळ्यात भात आणि त्यानंतर वाल, एवढंच पिकवणारं. काका डोलवीला कंपनीत कंत्राटावर, त्यामुळे शेत बघायची ती काकीच. तिचा आवाज गावात प्रसिद्ध होता. ती आपल्या खळ्यातून हाक मारायची आणि ओढ्यापलीकडे गुरं चारणारा माणूस मान वर करायचा. दहावीनंतर तिचं लग्न झालं होतं. मुलगा नोकरीला लागून पनवेलला गेला, मुलगी सासरी गेली, तेव्हा काकीनं कुणाला न सांगता बाहेरून बारावीची परीक्षा दिली आणि पासही झाली. मग एका सकाळी अंगणात दात घासत असलेल्या काकांना तिनं सांगितलं, "मी रोह्याला कॉलेजात नाव घालते." काकांनी चूळ भरली, थोडा विचार केला आणि म्हणाले, "घाल. भाकऱ्या मला थापता येनार नाय, पन भात लावीन." पुढची तीन वर्षं काका खरोखरच भात लावत राहिले.

मीही त्याच वर्षी कॉलेजात गेले. सकाळच्या एसटीनं कासू स्टेशन, तिथून रेल्वेनं रोहा, आणि संध्याकाळी तसंच परत. पहिल्या दिवशी काकी नवी साडी नेसून, केसांना तेल लावून वर्गात बाकावर माझ्या शेजारी बसली. मागच्या मुलांनी तिला शिक्षिका समजून उभं राहून नमस्कार केला. काकीनंही उठून नमस्कार केला आणि म्हणाली, "बसा रे, मी तुमच्यातलीच हाय." त्या दिवसापासून अख्ख्या वर्गाची ती काकी झाली.

भाषणकौशल्याचा विषय पहिल्याच वर्षाला होता. शिकवायला कर्णिक मॅडम होत्या. वयानं काकीपेक्षा खूप लहान, आवाज अगदी हळू, पण त्यांच्या तासाला कुणी खाली बघायचं धाडस करायचं नाही. प्रत्येकानं पुढे येऊन स्वतःच्या आवडीच्या विषयावर थोडा वेळ बोलायचं, असं त्यांनी सांगितलं. आम्ही मुली घाबरलेल्या होतो आणि काकी आम्हाला धीर देत होती. "त्यात काय एवढं? तोंड हाय ना देवानं दिलेलं?" मग तिची पाळी आली. विषय तिनंच निवडला होता, 'शिक्षणाचे महत्त्व'. ती पुढे गेली. "आदरणीय व्यासपीठ," म्हणाली... आणि थांबली. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. जिची हाक ओढ्यापलीकडे जायची, तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोहोचेना. साडीचा पदर बोटाला गुंडाळत ती तशीच उभी राहिली आणि एकाएकी वळून वर्गाबाहेर निघून गेली.

परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत बसली होती. मला वाटलं, आता काही ही यायची नाही. कासू जवळ आल्यावर ती म्हणाली, "पोरी, माझे पाय माझे नव्हतेच गो. कुनाचे तरी भलत्याचेच होते." आणि मग स्वतःच इतकी हसली की समोरची मच्छीवाली पण हसायला लागली. दुसऱ्या दिवशी ती आमच्या आधी बसथांब्यावर हजर होती. कॉलेजात पोहोचल्याबरोबर थेट स्टाफरूममध्ये गेली. "मॅडम, मला परत उभी करा."

कर्णिक मॅडमनी तिला त्या दिवशी उभं केलं नाही. समोर बसवून विचारलं, "काकी, काल तुम्ही जे बोलणार होतात, ते तुमचं होतं का?" काकीनं कबूल केलं की नव्हतं, मुलाच्या जुन्या निबंधाच्या पुस्तकातलं होतं. मॅडम म्हणाल्या, "मग पाय तरी तुमचे कसे असतील?" त्यांनी तिला तीन गोष्टी सांगितल्या, ज्या मी आज माझ्या वर्गात जशाच्या तशा सांगते. सगळ्यांकडे बघू नका, एका माणसाकडे बघा. एकच गोष्ट सांगा. आणि मध्ये गप्प राहायची वेळ आली तर घाबरू नका, लोक थांबतात.

पुढच्या आठवड्यात काकी बोलली ती पोपटीवर. वालाच्या कोवळ्या शेंगा मडक्यात कशा भरायच्या, भांबुर्ड्याचा, त्या वासाच्या रानझुडपाचा, पाला खाली का आणि वर का, मडकं उपडं घालून भोवती जाळ कसा करायचा, आणि शिजलं की नाही हे मडक्यावर पाण्याचा शिपका मारून कसं ओळखायचं... पाणी 'चर्र' झालं पाहिजे, म्हणाली, आणि तो 'चर्र' तिनं असा काही काढून दाखवला की वर्गात पहिल्यांदा हशा आणि मग टाळ्या. शेवटी ती थांबली, सगळ्यांकडे नाही, एकट्या मॅडमकडेच बघितलं आणि म्हणाली, "हुरडा असो नायतर पोपटी असो, एकट्यानं खायची नसते. माझी गोष्ट संपली." त्या दिवशी डबा खाताना प्रत्येकाला पोपटीचीच भूक लागली होती. थंडी पडल्यावर काकीनं सगळ्या वर्गाला शेतावर बोलावून पोपटी खाऊ घातली. कर्णिक मॅडमही आल्या आणि हाताला काजळी लागेपर्यंत जेवल्या.

दुसरं वर्ष लागलं आणि पावसात गावाकडच्या रस्त्यावरचा साकव, ओढ्यावरचा छोटा पूल, खचला. एसटी बंद झाली. साकवाची दुरुस्ती दिवाळीनंतर झाली, पण गाडी काही पुन्हा सुरू झाली नाही. या मार्गाला पॅसेंजर नाहीत, असं सांगण्यात येत होतं. संध्याकाळी स्टेशनवरून गावापर्यंतची वाट रानातून जाते, दिवस मावळला की चिटपाखरू नसतं. आमच्या वाडीतल्या एकेका मुलीचं कॉलेज सुटत गेलं. माझ्या वडिलांनीही सांगितलं, "या वर्षी राहू दे, फुडच्या वर्षी बघू." फुडच्या वर्षी बघू याचा अर्थ आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतो. त्या महिन्यातच एका स्थळाकडचे पाव्हणे मला बघून गेले.

काकी मात्र जात राहिली. काकांची शिफ्ट जुळली तर ते स्टेशनवर आणायला जायचे, नाही तर ती हातात काठी घेऊन एकटीच यायची. एकदा आमच्या ओटीवर येऊन बसली. चपला काढायच्या आधीच म्हणाली, "बाकावर मी एकटीच बसते आता. करमत नाय गो." मग माझ्या वडिलांकडे वळली. "भावोजी, पेनला मोठे साहेब येनार हायत. लोकांच्या तक्रारी आयकनार हायत. मी बोलनार हाय. फक्त त्या दिवशी पोरीला माझ्याबरोबर पाठवा." वडील काही बोलले नाहीत. काकीनं ते गप्प राहणं होकार म्हणून घेतलं. तशीच ती दुसऱ्या घरी गेली, तिथून तिसऱ्या घरी.

बैठकीच्या दिवशी आम्ही गावातल्या मुली काकीबरोबर पेणला गेलो. सभागृह गच्च भरलेलं होतं. धरमतर खाडीच्या बाजूची माणसं आली होती, कुणाचा बांध, कुणाचं पाणी, कुणाचा सातबारा. माणसं माइक हातात आला की सोडत नव्हती आणि व्यासपीठावरचे साहेब लोक घड्याळाकडे बघत होते. काकीचं नाव पुकारलं गेलं तेव्हा जेवणाची वेळ होत आली होती, खुर्च्या सरकायला लागल्या होत्या. ती पायऱ्या चढली. मला वर्गातली पहिली वेळ आठवली.

काकीनं माइक हातात घेतला नाही. त्याच्यापासून जरा बाजूला उभी राहिली आणि मोठ्या साहेबांकडे बघितलं, फक्त त्यांच्याकडेच. "नमस्कार. मला एकच गोष्ट सांगायची हाय. आमच्या गावची गाडी बंद हाय. साकव झाला, रस्ता झाला, गाडी नाय आली. म्हनतात पॅसेंजर नाय." ती क्षणभर थांबली. "साहेब, मी पॅसेंजर घेऊन आलेय." आणि ती सभागृहाकडे वळली. मग निघाला तो आवाज, जो ओढ्यापलीकडे जायचा.

"अस्मिता! उभी रहा गो." अस्मिता उठली. "ही अकरावीला सायन्सला होती. आता घरी हाय." "करुणा! उभी रहा." करुणा उठली. "हिला नर्स व्हायचं होतं. आता घरी हाय." ती एकेक नाव घेत गेली आणि गर्दीत एकेक मुलगी उठत गेली. प्रत्येकीविषयी एकच वाक्य, आणि शेवटी तेच, 'आता घरी हाय'. सरकणाऱ्या खुर्च्या थांबल्या. सगळ्यांत शेवटी तिनं माझं नाव घेतलं. मी उठले. "ही माझ्या बाकावर बसायची," काकी म्हणाली आणि गप्प झाली. आणि गप्पच राहिली. इतकी, की छताच्या पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. कुणी खोकलंसुद्धा नाही... लोक थांबतात, हे मॅडमनी सांगितलेलं मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

साहेबांनीच शेवटी विचारलं, "बाई, मागणी काय आहे?"

"ती ही सांगंल," म्हणून काकीनं माझ्याकडे हात केला.

हे आमचं ठरलेलं नव्हतं. मी पुढे कशी गेले, मला आठवत नाही. काकीनं माझ्या पाठीवर हात ठेवलेला तेवढा आठवतो. मी म्हटलं, "सर, सकाळी एक गाडी आणि संध्याकाळी एक गाडी. आम्हाला शिकायचंय. आम्ही अंधारात चालत यायला घाबरत नाही, पण आमचे आईवडील घाबरतात. गाडी आली तर त्यांना नाही म्हणायला कारण उरणार नाही." सभागृहात कुणीतरी मोठ्यानं "बरोबर!" म्हणालं आणि टाळ्या सुरू झाल्या. साहेबांनी शेजारच्या अधिकाऱ्याला विचारलं, "साकवावरून गाडी जाते ना?" तो म्हणाला, "जाते, सर." "मग अडचण काय आहे?" तो हातातली फाइल चाळायला लागला. साहेब माइकवर म्हणाले, "गाडी सुरू होईल."

पायऱ्या उतरताना काकीनं माझा दंड घट्ट धरला होता. "बघ गो माझे पाय," ती पुटपुटली, "लटलट कापतायत. पन या खेपेला माझेच हायत."

गाडी खरंच सुरू झाली. पहिल्या सकाळी बायकांनी बसला हार घातला, नारळ फोडला, ड्रायव्हर-कंडक्टरला पेढे भरवले. माझ्या वडिलांनी माझी बॅग स्वतः उचलून गाडीत ठेवली. आलेल्या स्थळाला त्यांनी काय कळवलं, हे मी कधी विचारलं नाही. अस्मिता, करुणा, सगळ्या गाडीत होत्या. सगळ्यांत पुढच्या सीटवर काकी, मांडीवर डबा घेऊन. गाडी साकवावरून गेली तेव्हा आम्ही जो आरडाओरडा केला, तो स्टेशनपर्यंत ऐकू गेला असेल. पुढे आम्ही दोघी एकाच वर्षी पदवीधर झालो. काका त्या दिवशी कंपनीचा इस्त्री केलेला शर्ट घालून रोह्याला आले होते. काकी प्रमाणपत्र घेऊन खाली आली तेव्हा त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून पाहिलं, आणि सगळ्यांसमोर तिला वाकून नमस्कार केला. काकी लाजून नुसती लाल झाली होती.

पेणच्या त्या दिवसानंतर आजूबाजूच्या वाड्यांतल्या मुली काकीकडे यायला लागल्या. कुणाला मुलाखतीला जायचं असायचं, कुणाला ग्रामसभेत काही विचारायचं असायचं, कुणाला घरात बापासमोर बोलायचं असायचं. तिनं रविवारची दुपार ठरवून टाकली. आपल्या घराच्या पडवीत चटया टाकायची, मुलींना एका टोकाला उभं करायची आणि स्वतः दुसऱ्या टोकाला, जात्याजवळ जाऊन बसायची; आवाज तिथवर पोचला नाही तर पुन्हा बोलायला लावायची. मी शिकवायला लागल्यावर तिला म्हटलं होतं, "काकी, आता तू मॅडम झालीस." ती म्हणाली, "मॅडम तू. मी फक्त लांब बसते."

तेरावं झाल्यानंतरच्या रविवारी मी काकांना भेटायला गेले. वाटलं होतं, पडवी रिकामी असेल, काका एकटे बसले असतील. काकांनी पडवी झाडून ठेवली होती. चटया अंथरल्या होत्या. मुली आल्या होत्या, नेहमीपेक्षा जास्तच, पण सगळ्या भिंतीला टेकून बसलेल्या. पुढे कुणी जाईना. मीही त्यांच्यातच जाऊन बसले. शेवटी खालच्या आळीतली एक मुलगी, पहिल्यांदाच आलेली, उठून टोकाला जाऊन उभी राहिली. तिनं काहीतरी सुरुवात केली, पण आवाज पहिल्या चटईपर्यंतही पोहोचेना.

काका आतल्या दारात उभे होते. इतक्या वर्षांत ते कधी पडवीत बसले नव्हते, हा बायकांचा कारभार म्हणायचे. त्यांनी चपला बाजूला केल्या, मुलींच्या कडेकडेनं चालत गेले आणि जात्याजवळ, काकीच्या जागेवर मांडी घालून बसले. कंपनीतल्या यंत्रांनी त्यांचे कान तसे अधूच झालेत. कानामागे हात धरून ते म्हणाले, "मला हितं काय बी आयकू नाय आलं गो पोरी. पयल्यापासून सांग."

मुलीनं एकदा श्वास घेतला, त्यांच्याकडे बघितलं आणि पहिल्यापासून सुरू केलं.