लताबाईंच्या जिन्याचं भरण

अर्धी भांडी घासून झाली होती. परात आणि दुधाचं पातेलं राखेत माखून तसंच पडलं होतं, तेवढ्यात लताबाई मोरीशी येऊन बसल्या. म्हणाल्या, "वहिनी, ते तुसाचं काही जमलं नाही."

लताबाई आमच्या वसाहतीत, नाशिकरोडला, मुलींना शिवण शिकवतात. लहानपणी तापात डावा पाय अधू झाला. शेतावर जायचं असो की जत्रेला, "तू बस, आम्ही येतो जाऊन," हेच ऐकत मोठ्या झाल्या. बसून बसून शिवण आलं, असं त्याच हसत सांगतात. वर्ग भरतो त्यांच्या ओट्यावर, आणि पावसाळ्यात ओटा गळला की बंद पडतो. म्हणून यंदा विहाराच्या गच्चीवरची खोली त्यांना द्यायचं ठरलं. अट एकच, बुद्धपौर्णिमेपर्यंत जिना तयार हवा. नाहीतर तिथं विहाराच्या मंडळाच्या सतरंज्या आणि पातेली जाणार.

जिना त्यांचा धाकटा भाऊ सावळीराम यानं लोखंडी अँगल जोडून केला. पायरी म्हणजे पत्र्याचं उथळ ताट. त्यात भरण घालायचं आणि वर विहाराला दान आलेल्या मोझाइक फरश्या बसवायच्या. पण काळू गवंडी म्हणाला, सगळ्या पायऱ्यांत काँक्रीट ओतलं तर वजनानं भिंतीतले बोल्ट उपसतील. पोकळ ठेवावं तर फरशी पायाखाली फुटणार. म्हणून सावळीरामनं घोटीच्या गिरणीतून भाताचं तूस आणून सिमेंटात कालवलं, डब्यात घालून पाहिलं. बोटानं उकरलं की नुसता भुगा.

"सावळीरामनं अँगलच जरा जाड घ्यायचा होता," मी म्हटलं.

"मीही तेच म्हटलं. तर म्हणतो, ताई, तू तरी कुठं जाड आहेस."

बोलता बोलता त्यांनी माझ्याजवळचा एक खडा उचलला. शेगडीतला दगडी कोळसा जळून गेल्यावर उरतो ना, भोकाभोकांचा, तो. भांड्याला ओरखडे पडतात म्हणून मी तो राखेतून वेचून टाकते. त्यांनी तो तळहातावर झेलला, मग फरशीवर आपटला. फुटला नाही.

"हा किती हलका आहे हो, वहिनी."

संध्याकाळी तो भावाच्या हातात दिला. सावळीरामनं उलटसुलट पाहिला. "चालेल. पण हा लोखंडाला खातो. आधी पत्र्याला आतून डांबर फासावं लागेल."

काळू म्हणाला, "अन् कच्चा कोळसा त्यात नको. बारीक राख बी चाळून काढा. तुमी बाया चाळता बरं."

"आणि तू काय करणार रे?" लताबाईंनी विचारलं.

"मी बिडी वढत बघणार."

मग घरोघरच्या शेगड्यांचे खडे गोळा व्हायला लागले. आम्ही बाया दुपारी विहाराच्या अंगणात चाळण्या घेऊन बसायचो. डांबर वाळलं. काळूनं बिडी न ओढता खडे सिमेंटात कालवून पायऱ्या भरल्या, फरश्या ठोकून बसवल्या आणि वर ओलं गोणपाट टाकलं.

आज सकाळी वंदना झाल्यावर गोणपाट काढलं. सावळीराम उडी मारून बघायला निघाला, तर लताबाईंनी त्याला मागं सारलं.

"धडधाकट पाय कशावरही उभा राहतो. अधू पायाला लगेच कळतं."

त्याच पायावर भार देत त्या पहिल्या पायरीवर चढल्या. भावानं हात पुढं केला. "हात खिशात ठेव," म्हणाल्या. काळू शिडीनं वर जाऊन बोल्टाला बोट लावून बसला होता. एकेक पायरी करत त्या चढत राहिल्या. मी खाली मनात त्रिशरण म्हणत उभी होते. पत्रा वाजला नाही, फरशी हलली नाही. मधेच त्या थांबल्या तेव्हा माझं त्रिशरणही थांबलं; पण त्या नुसता पदर खोचत होत्या.

काळू वरून म्हणाला, "बोल्ट जागचा हलला नाय."

मग सावळीराम आणि मंडळाचे दोघं त्यांच्यामागून चढले. तरी जिना गप्प. मंडळानं तिथंच खोलीची किल्ली लताबाईंच्या हातात दिली. त्या गच्चीवरून भावाला म्हणाल्या, "मशीन तेवढं तू वर आण. मी माझी येत जाईन."

फरश्यांचे सांधे भरायचे राहिलेत. उद्या सकाळी मला भद्रकालीच्या बाजारातून पांढरं सिमेंट आणायचं आहे.