टॉप मॉडेलचं मीटर

आमच्या शाळेतल्या एका मॅडमच्या गाडीत मी बसले आणि तिथून सगळं बिघडलं. त्यांची आणि आमची गाडी एकाच कंपनीची, एकच मॉडेल, रंगसुद्धा तोच पांढरा. पण त्यांची टॉप आणि आमची बेस. त्यांनी चावी फिरवली आणि स्टेअरिंगमागचं मीटर निळंशार उजळलं. उरलेलं पेट्रोल किती किलोमीटर पुरेल ते दिसलं, घड्याळ दिसलं, बाहेर किती ऊन आहे तेही दिसलं. नांदेडला मार्च महिन्यात ऊन किती आहे हे सांगायला मीटर कशाला लागतं, असं मी तोंडानं म्हणाले खरी, पण आतून जळून गेले. आमच्या मीटरात एक वेगाचा काटा, एक पेट्रोलचा काटा आणि खाली किलोमीटरचे आकडे, संपलं.

एखादी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली की ती काढायला बाहेरून माणूस आणावा लागतो. मी रोज मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागले. टॉप मॉडेलचं जुनं मीटर बेस मॉडेलला बसतं, चार स्क्रू काढायचे आणि मागचा वायरींचा एक कपलर जोडायचा, एवढंच काम असं कळलं. नांदेडात तसं मीटर मिळेना. लातूरला रिंग रोडवर गाड्यांच्या जुन्या पार्टचं एक दुकान आहे अशी खबर लागली, आणि नशिबानं त्याच आठवड्यात माझं लातूरला एक दिवसाचं प्रशिक्षण निघालं.

गाडी माझी नव्हती. ती आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. आप्पा पस्तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी शोरूममधून नवी कोरी घेतली, आणि आता ते आणि गाडी दोघंही नांदेडला माझ्याकडे असतात. गाडीचे नव्व्याण्णव हजार किलोमीटर पूर्ण झाले तेव्हापासून आप्पांना एकच ध्यास लागला होता. सकाळी चहा घेताना मी विचारलेलं नसताना आकडा सांगायचे.

"एसटीत किती चाललो त्याची गिनतीच न्हाई," ते म्हणायचे. "पर आज ही गाडी, उद्या ती. एका बी मीटरावर माझं म्हणून कायी ऱ्हायलं न्हाई. ही एक गाडी माझी हाय. हिचे लाख मला डोळ्यानं बघायचे हायत."

मी हं हं म्हणत डबा भरायचे. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी लागतं, कोणाला भजन, कोणाला पत्ते, असं मला वाटायचं.

तर लातूरला प्रशिक्षण दुपारीच संपलं. मी आप्पांची गाडी घेऊनच आले होते, थेट दुकानात गेले. दुकानदार भला माणूस वाटला. त्यानं ढिगातून मीटर काढलं, फडक्यानं पुसलं आणि अर्ध्या तासात बसवूनही दिलं. जुनं मीटर बदल्यात तुम्हीच ठेवा, असं मी त्याला सांगितलं. चावी फिरवली तर काय सांगू, नुसता लखलखाट. फक्त एक लाल दिवा विझेना. तो एअरबॅगचा होता. आमच्या गाडीत एअरबॅग नाहीच, म्हणून मीटर बिचारं ती शोधत होतं.

"त्याला काय, टेप लावू," म्हणून दुकानदारानं काळ्या चिकटपट्टीचा तुकडा त्या दिव्यावर चिकटवला आणि प्रश्न सोडवला.

मी दोन फोटो काढले होते, एक काढण्याआधीचा, एक बसवल्यानंतरचा. दोन्ही शेजारी शेजारी लावून स्टेटसला टाकले. वर लिहिलं, 'आमची गाडी आता टॉप मॉडेल.' परतीच्या वाटेवर अहमदपूर येईपर्यंत पंचवीस जणांनी बघितलं होतं. त्यात आप्पाही होते, हे मला घरी पोचल्यावर कळलं.

आप्पा फाटकातच उभे होते. गाडी आत घेतली तसे ते खिडकीशी आले, आत वाकून बघितलं आणि म्हणाले, "दोन लाख तेरा हजार."

"अहो ते सोडा, हे बघा, पेट्रोल किती पुरेल ते..."

"आपले कुठं गेले?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गाडी किती चालली तो आकडा मीटरात असतो. मीटर गेलं की आकडाही जातो, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीचा आकडा आपल्या घरी येतो. मी सातवी ते दहावीला विज्ञान शिकवते. मापनाचा धडा दरवर्षी शिकवते. आणि मला वाटत होतं, किलोमीटर गाडीत असतात.

आप्पा चिडले असते तर बरं झालं असतं. मला भांडता येतं, त्याची मला सवय आहे. पण ते मागं वळले. घरात गेले आणि टीव्ही न लावताच टीव्हीसमोर बसले. त्यानंतर आठ दिवस गाडी जागची हलली नाही. मी स्कूटीवर शाळेत गेले. सकाळच्या चहाला आकडा यायचा बंद झाला, तेव्हा मला कळलं की मला तो ऐकायची सवय झाली होती. मला स्वतःचा इतका राग आला की त्या आठवड्यात माझ्या वर्गात कोणी हूं की चूं केलं नाही.

शेवटी मी म्हणाले, "आप्पा, रविवारी लातूरला जाऊ. जुनं मीटर परत घेऊन येऊ."

ते जरा वेळ छताकडं बघत राहिले. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. मग म्हणाले, "चल. मीच चालवतो."

एवढ्या पटकन हो म्हणतील असं वाटलं नव्हतं. मला हायसं वाटलं.

लातूरला पोचलो तर जुनं मीटर दुकानातून गेलेलं. लातूरजवळच्या मुरुडच्या एका माणसाची गाडी आमच्याच मॉडेलची, उंदरानं तिच्या मीटरचं वाटोळं केलं म्हणून त्यानं आमचं नेऊन बसवलं होतं. माझा पारा चढला. आठ दिवस एक वस्तू सांभाळता येत नाही का, असं मी दुकानदाराला चांगलं सुनावलं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुम्हीच ठेवा म्हणलात." ते खरंच होतं, म्हणून मला आणखी राग आला.

मग तो आप्पांकडे वळला. "काका, एवढं बेजार कामून होता? आकड्याचंच हाय ना? मशीन हाय माझ्याकडं. बोला, किती करू? नव्व्याण्णव हजार? पन्नास म्हणलं तर पन्नास."

आप्पांनी विचारलं, "लाख होतेत का?"

"होतेत की. पाच मिनिटाचं काम."

"आन् मंग मी इतके दिस चालवून राहिलो ते कशाला?"

दुकानदारानं खिशातून मोबाइल काढला. त्यानं मुरुडवाल्याला फोन लावून माझ्याकडे दिला. तो माणूसही भला निघाला. म्हणाला, "या की ताई. तुमचं तुम्हाला काढून देतो, पर मला दुसरं चालू मीटर द्या." दुकानदारानं ढिगातून आणखी एक मीटर काढून दिलं. ते मांडीवर घेऊन मी गाडीत बसले.

"आता मुरुडला जावं लागेल," मी भीत भीत म्हणाले. एवढ्या उन्हात सत्तरीच्या माणसाला अजून पळवायचं मला जिवावर आलं होतं.

"जाऊ की," आप्पा म्हणाले, आणि गाडी काढली.

गावाबाहेर पडलो तसा त्यांनी वेग कमी केला. चाळीसच्या वर काटा जाईना. ट्रक पुढं गेले, जीप पुढं गेल्या, शेवटी कडब्यानं भरलेला एक ट्रॅक्टरही पुढं गेला आणि त्याच्या चालकानं मागं वळून आमच्याकडं बघितलं. मला वाटलं, ह्यांचं मन लागत नाही. मला फार वाईट वाटलं. आयुष्यभर या माणसानं दुसऱ्यांना गावोगावी पोचवलं, एक गोष्ट स्वतःसाठी मागितली होती, आणि ती मी चार स्क्रू काढून दुकानदाराला देऊन आले होते.

"आप्पा, माझं चुकलं," मी म्हणाले. "तुम्ही रोज सांगत होता आणि मी ऐकतच नव्हते."

"जरा गप ऱ्हा," ते म्हणाले. नजर मीटरवर होती.

मग त्यांनी डावा इंडिकेटर दिला, आरशात बघितलं आणि गाडी अलगद रस्त्याच्या कडेला घेऊन उभी केली. जवळ ना हॉटेल, ना पंक्चरचं दुकान. एका बाजूला उसाचं शेत, दुसऱ्या बाजूला मोकळं रान. त्यांनी हँडब्रेक ओढला.

"झाले," आप्पा म्हणाले.

"काय झाले?"

"लाख."

मी वाकून मीटर बघितलं. दोन लाख तेरा हजार सहाशे एक्क्याण्णव.

"आप्पा, हे तर..."

"तूच फोटो टाकली होती ना दोन," ते म्हणाले. "काढलं तवा नव्व्याण्णव हजार सातशे अकरा. लाखाला दोनशे एकोणनव्वद कमी. नवं बसवलं तवा दोन लाख तेरा हजार चारशे दोनवर होतं. त्याच्यात तेवढे मिळवले. मीटर त्या दुसऱ्या गाडीचं हाय, चाकं तर आपलीच हायत."

साधी बेरीज होती. पाचवीच्या पोराला आली असती. मी मात्र आठ दिवस तोंड पाडून बसले, सुट्टीचा दिवस घालवला, एका भल्या माणसाला झापलं आणि आता परकं मीटर मांडीवर घेऊन रानात बसले होते.

"तुम्हाला हे कधी सुचलं?"

"तू रविवारी जाऊ म्हणली तवाच."

"मग मुरुडला कशाला निघालात? मीटर नकोच होतं तर तिथनंच मागं फिरलो असतो की."

"दुकानातनं निघालो तवा नऊ कमी होते," आप्पा म्हणाले.

मला आधी हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते थांबेना. आप्पा खाली उतरले. गाडीला एक चक्कर मारली, चारही टायर बुटानं दाबून बघितले, बॉनेटवरची धूळ हातानं पुसली. मी मुरुडच्या माणसाला फोन करून सांगितलं की राहू द्या, मीटर तुमच्याकडंच राहू द्या. त्याला काय झालं ते कळलं नाही, पण तो खूश झाला.

फोन ठेवला तर आप्पा माझ्या दाराशी उभे. त्यांनी दार उघडलं आणि चावी माझ्या हातात दिली.

"सरक तिकडं," ते म्हणाले. "माझे झाले. हितून पुढचे तुझे."

आप्पा गाडीत असताना मी आजवर कधी स्टेअरिंगला हात लावला नव्हता. त्यांनी तो कोणालाच लावू दिला नव्हता. मी पलीकडं सरकले, सीट पुढं ओढली, आरसा नीट केला. ते शेजारी बसले, पट्टा लावला, डोळे मिटले. मी गाडी वळवून लातूरच्या रस्त्याला लावली. शंभर मीटरही गेले नसेन, तोच डोळे न उघडता ते म्हणाले, "क्लचवरचा पाय काढ."