चहातल्या पावडरीवर संशय

डॉक्टरांनी महिनाभराची मुदत दिली. "साखर उतरली नाही तर इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू करू," ते इतक्या सहज म्हणाले, जणू पेपर सुरू करायचाय. मी सुईला घाबरतो. किती? लस घ्यायला उभा होतो, तेव्हा मागच्या सगळ्यांना मी मोठ्या मनाने पुढे जाऊ दिलं होतं.

म्हणून भात सोडला. मग भाकरी सोडली. आमचं घराणं मूळचं मराठवाड्यातलं, ज्वारीवर वाढलेलं. बायकोने तवा उचलून ठेवला तेव्हा तिचा चेहरा घरातलं माणूस परगावी चालल्यासारखा झाला होता. उरलं काय, तर अंडी, पनीर, पालक आणि सकाळचा बिनदुधाचा चहा. त्या चहात इथल्या बेगम बाजारातून आणलेली गोड पावडर, साखरेऐवजी, चमचाभर. पाकिटातली पावडर बायकोने लगेच स्टीलच्या डब्यात ओतली. स्टीलच्या डब्यात गेल्याशिवाय कुठलीही वस्तू आमच्या घरची होत नाही.

सुरुवातीला साखर छान उतरली. आणि मग, काही कारण नसताना, चढायला लागली.

बायकोने माझा शर्ट हुंगला. खिसे उलटे केले. इराण्याच्या हॉटेलात चहाबरोबर मिळणाऱ्या उस्मानिया बिस्किटाचा चुरा शोधत होती.

"खरं सांगा, इराण्याकडे बसला होतात ना?"

"अगं, देवाशपथ नाही!"

"देवाला मध्ये आणलंत म्हणजे नक्की बसला होतात."

ऑफिसातल्या, गौलीगुड्यात राहणाऱ्या मित्राला माझी कीव आली. डबा खाता खाता तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मियाँ, वो पावडरच धोका देरा. जबान को मीठा लगा तो अंदर खबर जाती, इन्सुलिन छूटता. फिर सब गडबड!"

व्वा! गुन्हेगार सापडला! गोडीचं नाटक करून माझ्या बिचाऱ्या स्वादुपिंडाला रोज सकाळी फसवणारी ती पांढरी पावडर! मी रीतसर तपास सुरू केला. एक दिवस उपाशीपोटी कोरा चहा प्यायलो आणि थोड्या वेळाने, डोळे घट्ट मिटून का होईना, बोट टोचून साखर मोजली. दुसऱ्या दिवशी तसाच चहा, पण पावडर घालून. कोऱ्या चहाने आकडा जागचा हलला नाही. पावडरीच्या चहाने तो भलताच वर गेला. मी हॉलमध्ये उभं राहून निकाल वाचून दाखवला.

बारावीतल्या मुलीने मोबाइलमधून डोकं वर काढलं. "पप्पा, इन्सुलिन सुटलं तर शुगर कमी होते ना? तुमची तर वाढली. लॉजिकच नाही."

मी आकडे पुन्हा वाचू लागलो. बायकोने मात्र लगेच निकाल लावला. "म्हणजे बिस्किटंच!"

चिडून मी पावडरीचा डबा ओट्यावरून उचलला, तर झाकणाच्या कडेने मुंग्यांची ओळ लागलेली. इतक्या दिवसांत या पावडरीकडे एका मुंगीने ढुंकून पाहिलं नव्हतं. मी चिमूट जिभेवर टाकली, ती नुसतीच गोड लागली. अलीकडे चहा फारच छान लागायला लागला होता खरा. शेवटी जिभेवर राहायचा तो कडवटपणा गेला होता, आणि जीभ सरावली म्हणून मी स्वतःचं कौतुक करत होतो.

"हा डबा कुठे बाहेर गेला होता का?" मी विचारलं.

बायको आठवू लागली. वरच्या मजल्यावरच्या नांदेडच्या काकूंच्या यजमानांना नुकतीच साखर निघाली होती. चव बघायला म्हणून हिने उरलेल्या पावडरीसकट डबाच त्यांना दिला होता. "परत दिला तेव्हा भरलेला होता. मला वाटलं, काकूंनी नवीन पावडर आणली."

आम्ही तिघंही वर गेलो. काकूंनी अगदी निरागसपणे ऐकून घेतलं.

"अगं पोरी, रिकामा डबा कसा परत द्यायचा? आपल्यात साखर घालूनच देतात. डब्याला तुमची पावडर लागलेली होती, तिच्यात मिसळून जावी म्हणून मिक्सरमधून बारीक काढली."

"पण काकू, साखर चिमूटभर घालतात!" बायको म्हणाली.

"चिमूटभर परक्यांना."

कुकटपल्लीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या दिवशी डबा घासून उन्हात ठेवला गेला. नवं पाकीट आलं आणि मी तपास पुन्हा केला. पावडरीच्या चहाने आकडा जवळपास तिथेच राहिला. तरी माझा संशय पुरता गेलेला नव्हता. मुदत संपली तेव्हा डॉक्टरांनाच विचारलं.

"काहींच्या अंगात थोडा फरक पडतो, काहींच्या नाही," ते म्हणाले. "तुमचं तुम्ही मोजून पाहिलंत, हे बरं केलंत." मग त्यांनी माझं बोट टोचलं, आकडा पाहिला आणि मान डोलावली. "उतरलीय. इंजेक्शन सध्या नको."

मी खुर्चीतून जवळजवळ उडालोच. बायको मात्र जागची हलली नाही.

"डॉक्टर, मशीन बरोबर आहे ना तुमचं? यांचा काही भरवसा नाही."

डॉक्टर हसले आणि म्हणाले, "दुसरं बोट द्या."