काकाचं आडनाव

त्या दिवशी ऑकलंडजवळच्या आमच्या टाकानिनीत सकाळपासून आडवा पाऊस होता. इथला पाऊस वरून पडत नाही, बाजूनं येतो. छत्री असली काय, नसली काय! मधेच दहा मिनिटं ऊन पडायचं, की परत पाऊस. मी आणि शेजारचा डेस लायब्ररीतून भिजत आलो आणि त्याच्या गॅरेजात बसलो. तिथं काय झालं ते शेवटी सांगतो. आधीचं सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

किश्श्यांचं फिजोआसारखं असतं. फिजोआ म्हणजे पेरूच्या जातीचं हिरवं फळ. एप्रिलमध्ये इथं झाडाखाली नुसता सडा. बादलीभर उचलून शेजाऱ्याला द्या, दुसऱ्या दिवशी तेवढाच परत. लायब्ररीतल्या आमच्या मंगळवारच्या ग्रुपचे किस्से असेच साठलेत. बरेचसे आतून काळे निघतात. तरी देतो.

*

मी मिरजेकडचा. धंदा सुतारकी, आडनावही सुतार. शाळा दुसरीपर्यंत. २०१२ साली बायको गेली आणि मुलानं मला इकडं आणलं. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल्बनीला आयटीत. निम्मा दिवस गाडीतच जातो त्याचा. घरात मी आणि भिंती.

पलीकडं डेस मॅकिंटायर, पंच्याहत्तरीचा रिटायर्ड पोस्टमन. कुंपणाची एक फळी निखळली होती, ती मी न विचारता बसवली. त्यानं न विचारता बादलीभर फिजोआ दिले. झाली दोस्ती. मी त्याला डेसराव म्हणतो. त्याला वाटतं, राव म्हणजे आमच्यातलं 'मेट', दोस्त. मी पण काही बोलत नाही.

डेसरावची फुशारकी एकच. "चाळीस वर्षं इथं ऑकलंडात, पेनरोजच्या बाजूला टपाल वाटलं, सुतार. एक पत्र चुकीच्या घरात गेलं नाही! नाव वाचलं की माणूस डोळ्यापुढं उभा राहायचा."

आणि दुःखही एकच. त्याचा बाप सहा वर्षांचा आणि बापाची बहीण नेल तीन वर्षांची असताना त्यांचे आईबाप वारले. तिकडं दक्षिणेत, ग्रेमाउथला. पोराला एका शेतावर ठेवलं. पोरीला त्यांचा कुणी काका ऑकलंडला घेऊन गेला. परत भेट नाही. बाप मरताना डेसला म्हणाला, "नेल कुठंय बघ. तिला सांग, मी तिला सोडलं नव्हतं."

त्यासाठी डेस लायब्ररीत जायचा. मलाही न्यायचा, कारण मी गप्प बसतो.

*

ग्रुप चालवायची शर्ली. सगळे आयरिश नाहीतर स्कॉटिश घराण्यातले, सगळे पूर्वज शोधणारे, आणि सगळे आडनावांपुढं हात टेकलेले.

पहिल्याच दिवशी शर्लीनं फळ्यावर डेसचं आडनाव लिहिलं. असंही, तसंही. एकात जास्तीचं ए, एकात आयच्या जागी ई, एकात मधे टिंब. चौदा तऱ्हा! "यातलं नेलच्या नावापुढं कुठलं लागलं असेल?" म्हणाली आणि खुर्चीत बसली.

मी आपलं वहीत उतरवत होतो. मला लिहायला येतं ते मराठीच. तिनं वाकून बघितलं. "मिस्टर सुतार, तुम्ही एकच ओळ लिहिलीत?"

म्हटलं, "बाई, तुम्ही चौदा वेळा एकच बोललात. मॅकिंटायर!"

सगळे हसले. त्या दिवसापासून जुनं नाव अडलं की माझ्याकडं यायचे. "सुतार, तुमच्या भाषेत लिहा आणि वाचून दाखवा." त्यानं एक-दोघांचे आजोबा सापडले. नेल नाही सापडली.

*

माझं आडनाव तरी कुठं धड राहिलं? दवाखान्यातली पोरगी मोठ्यानं हाक मारायची, "मिस्टर सूटर!" मी उठून जायचो. मुलगा एकदा सोबत होता, तो लाजला. म्हणाला, "बाबा, सूटर म्हणजे मुलगी मागायला आलेला माणूस."

म्हटलं, "इकडं गुडघ्यावर बसून मागतात ना? मग गुडघे तपासतात ते बरोबरच आहे की!"

*

ग्रँट म्हणून एक धिप्पाड गृहस्थ होते. त्यांचा हट्ट असा की, आडनावातल्या मॅकच्या स्पेलिंगात ए असेल तर माणूस स्कॉटिश, नसेल तर आयरिश. यावर ते तास तास भांडायचे. "माझ्या आजोबानं ए कधी सोडला नाही!"

एके दिवशी आजोबांच्या लग्नाचा कागद आला. एकाच पानावर आडनाव तीन ठिकाणी, तीन प्रकारांनी. ग्रँट तावातावानं म्हणाले, "सही बघा, सही!"

सहीच्या जागी फुली होती.

ग्रँट खाली बघत राहिले. मी म्हटलं, "साहेब, मी पण पहिल्या पगाराला अंगठाच दिला होता, लिहायला नीट शिकलो ते नंतर. ज्याला लिहिता येत नाही, त्याचं आडनाव लिहिणाऱ्याच्या हातात असतं. त्यात म्हाताऱ्याची काय चूक?"

पुढच्या मंगळवारी ते आले नाहीत. नंतरही नाहीत.

*

एक बाई वीस वर्षं रायली घराणं जमवत होत्या. चार खोकी भरून कागद, फोटो. मग एका सनावळीवरून शर्लीच्या लक्षात आलं, हे रायली वेगळेच. पणजोबापासून सगळे परके!

आम्हाला वाटलं, बाई आता खोकी जाळणार. त्यांनी शांतपणे झाकणं लावली. म्हणाल्या, "आता इतका लळा लागलाय. त्यांचं दुसरं कोण आहे?"

अजून त्या परक्यांच्या थडग्यावर फुलं ठेवायला जातात.

*

सहा वर्षं अशी गेली. डेसची नजर अधू झाली, भिंग लागलं. एका मंगळवारी त्यानं भिंग खिशात घातलं. "बस, सुतार. बापाला वर गेल्यावर सांगीन, नाही सापडली."

मला काय सुचलं कोण जाणे. म्हटलं, "शर्लीबाई, मॅकिंटायर म्हणजे काय हो?"

"आडनाव!"

"ते झालंच. पण अर्थ काय?"

सहा वर्षं लिहायचं कसं, यावरच वाद. अर्थ कुणी बघितलाच नव्हता. शर्लीनं एक जाडं पुस्तक काढलं, पानं उलटली आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघायला लागली. "जुन्या भाषेत... सुताराचा मुलगा."

डेस उठला आणि माझा हात धरून हलवत सुटला. "कझिन! कुंपण बसवलंस तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं!"

हसून झाल्यावर मी म्हटलं, "डेसराव, मी सुतार लावतो. माझा धाकटा भाऊ मुंबईला गेला आणि पांचाळ लावायला लागला. एका आईची लेकरं. त्याच्या पोरांना कुणी सुतार म्हणून शोधलं तर जन्मात सापडायची नाहीत. नेलला नेणाऱ्या काकानं मॅकिंटायरच लावलं होतं कशावरून?"

शर्ली परत पुस्तकात शिरली. सुताराचा जो जुना शब्द, म्हणाली, त्याचाच दुसरा अर्थ मोकळा माणूस. त्यावरून काही जणांनी इंग्रजीत सरळ 'फ्रीमन' करून घेतलं.

मी म्हटलं, "सुतार आणि मोकळा? लिहिणाऱ्यानं सुतार बघितला नसणार."

शर्लीनं मात्र चिठ्ठीवर 'फ्रीमन' लिहून घेतलं.

*

पुढचा मंगळवार म्हणजे तो पावसाचा दिवस. शर्लीनं दोन कागद पुढं ठेवले. पहिला मृत्यूचा. एलन फ्रीमन, लग्न केलेलं नाही. आईचं नाव डेसच्या आजीचंच, जन्म ग्रेमाउथचा. "एलनचंच लाडानं नेल होतं," शर्ली म्हणाली. दुसरा कागद जुन्या मतदार यादीचा. नेलचा शेवटपर्यंत एकच पत्ता. पेनरोज.

डेसनं भिंग लावून पत्ता वाचला. परत वाचला. कागदाची घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि निघाला. वाटेत मी छत्री धरत होतो, तो छत्रीबाहेर चालत होता.

गॅरेजात मी किटली लावली. पाणी उकळून खटका पडला तरी त्याचं लक्ष नव्हतं. भिंतीवर त्याची टपालाची जुनी पिशवी टांगलेली असते. तिच्याकडं बघत होता.

"हिरवं फाटक," तो म्हणाला. "वर्षानुवर्षं त्या गल्लीचं टपाल माझ्याकडंच होतं, सुतार. तिला कधी पत्र यायचं नाही. रोज सकाळी फाटकाशी उभी असायची. विचारायची, 'माझं काही आहे का?' आणि मी सायकलवरूनच सांगायचो, 'आज काही नाही, मिस फ्रीमन.'"