दोन पाणमांजरं

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या म्युझियमला म्युझियम म्हणताना आता माझीच जीभ अडखळते. जिन्यालगतची ओलसर खोली आणि काचेची काही कपाटं. रानमांजराचे कान कसरीने खाल्लेले, साळिंदराचे काटे पोरांनी उपटून नेलेले, वटवाघळाच्या बरणीतलं फॉर्मॅलिन उडून तळाशी पिवळा गाळ. दरवर्षी डांबरगोळ्या मागायच्या आणि दरवर्षी "पुढच्या वेळी बघू" ऐकायचं. मी या खोलीचा प्रमुख. कपाळ माझं!

तरी मी तिला धरून बसलो ते एका पाणमांजरापायी. मी शाळेत होतो तेव्हा नवेगावच्या बांधात, म्हणजे आमच्या तलावात, ते माझ्या बापाच्या जाळ्यात अडकून मेलं. आम्ही ढीवर. जाळं फाडणाऱ्या जनावराला आमच्यात कोणी जीव लावत नाही. पण बापाच्या मनात काय आलं कोण जाणे, त्याने ते ओल्या पोत्यात गुंडाळलं आणि सायकलवर घालून थेट या कॉलेजात आणलं. तेव्हाच्या सरांनी कातडं कमावलं, भुसा भरून उभं केलं आणि पायाला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली. कुठलं, कधीचं, कोणी आणलं, सगळं तिच्यावर होतं. बाप गेला. बांधात पाणमांजर मला पुन्हा दिसलं नाही. बापाचं नाव छान अक्षरात लिहिलेलं मी फक्त त्या चिठ्ठीवर पाहिलं होतं.

यंदा दिवाळीनंतर ती खोली कॉम्प्युटर लॅबला द्यायचं ठरलं. मी मोठ्या शहरातल्या एका संग्रहालयात फोन लावला. तिथल्या बाई माझ्यासारख्याच दमलेल्या वाटल्या. "आमचीच कपाटं ओसंडून चालली आहेत, सर. माणसं नाहीत, औषधं नाहीत. पण तुमच्या भागातलं पाणमांजर आमच्याकडे नाही. चिठ्ठीसकट पाठवा, मी जागा करते. चिठ्ठीशिवाय ते नुसतं भुसा भरलेलं कातडं, ते मला घेता येणार नाही."

"चिठ्ठी आहे," मी छातीठोक सांगितलं आणि कपाट उघडायला गेलो.

कपाटात पाणमांजरं दोन. दुसरं कॉलेजने पूर्वी कुठल्याशा दुकानातून विकत घेतलेलं, ते कुठल्या नदीचं देव जाणे. दोघांच्या कपाळी हळदकुंकू, गळ्यात वाळलेला झेंडू, आणि पाय मोकळे. खंडेनवमीला आमच्याकडे मायक्रोस्कोपपासून हाडांच्या सापळ्यापर्यंत सगळ्यांची पूजा होते. यंदा मी तापाने घरी पडलो होतो. शिपायाने मन लावून सगळं पुसलं, झटकलं, पुन्हा मांडलं. "चिठ्ठ्या काळ्या पडल्या होत्या सर, वास मारून राहिल्या होत्या. पूजेत बरं दिसते का? फेकल्या," तो म्हणाला. मी त्याच्यावर ओरडलो. मग ओरडायचाही कंटाळा आला. त्याने तर दोघांना नवे हारही स्वतःच्या पैशाने आणले होते.

दोन्ही सारखीच विटकी, सारख्याच काचेच्या डोळ्यांची. आजवर मी चिठ्ठी वाचूनच आमचं ओळखत आलो होतो. इतकी वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, काय उपयोग?

शेवटी आईला स्कूटरवर बसवून आणलं. तिने दोघांच्या पाठीवरून हात फिरवला. बराच वेळ पाहिलं.

"मले नाही समजत बापू. तुझ्या बाबानं दाखवलं तेव्हा ते ओलं होतं. हे दोन्ही वाळले." पदराला हात पुसत म्हणाली, "कोणतंही पाठव ना. कोण पाहून राहिलं?"

कोणी पाहणार नव्हतं हे खरंच. मी दोरा घेतला, पुठ्ठा कापला, बापाचं नाव लिहायला पेनही उघडलं. पण दुसऱ्याच पाण्यातलं जनावर आमच्या बांधाचं म्हणून कायमचं तिथे उभं राहिलं असतं, आणि त्याला साक्षीदार माझा बाप. दुसऱ्याच्या जाळ्यातला मासा आपल्या टोपलीत आला तर तो परत करायचा, ही आमची रीत. पेन बंद केलं. बाईंना फोन करून नाही म्हणालो. त्यांनी का म्हणून विचारलंही नाही.

रानटी जनावरांची असली कातडी कायद्याने कागदपत्रांशिवाय ठेवता येत नाहीत. वनखात्याची माणसं आली आणि कॉलेजच्या मागच्या मैदानात सगळं जाळायचं ठरलं. सही करून मला निघता आलं असतं. नाही निघालो. दोन्ही पाणमांजरं पुरती जळेपर्यंत उभा राहिलो. भुसा भराभर पेटला, कातड्याला वेळ लागला.

घरी आलो तेव्हा आई दारातच बसली होती. तिने शर्टाचा वास घेतला.

"अंदर नको येऊ," ती म्हणाली. "मागं पाणी काढून ठेवलं आहे. पहिले आंघोळ कर."