हिरव्या बटनाची जागा

आमच्या सांगवीच्या घरात एक गिटार आहे. खरी नाही, प्लास्टिकची. तारा नाहीतच तिला. मानेवर पाच रंगांची बटनं आणि पोटावर एक पट्टी. टीव्हीवर गाणं लागलं की रंगीत ठिपके आपल्याकडं धावत येतात. ठिपका खाली पोचला की त्या रंगाचं बटन दाबायचं आणि त्याच वेळी पट्टी हाणायची. जमलं तर टीव्हीतली माणसं टाळ्या वाजवतात, चुकत गेलं तर हुर्यो करून गाणं अर्ध्यात बंद पाडतात. माझ्या नातीच्या मामानं आपल्या पोरांचा हा जुना गेम पुण्याहून आणून दिलेला.

नात तेव्हा घरनंच बारामतीला कॉलेजात जायची. संध्याकाळी ती खेळत होती आणि मी शेजारी शेंगा फोडत बसलेले. माझा पाय आपसूक हलायला लागला. निमगाव केतकीला माहेरी आईबरोबर भजनात टाळ वाजवलेला मी, ठेका कुठं जातोय? तिनं ते बरोबर टिपलं.

"आजी, तू पट्टी मार. बटनं मी बगते."

"मला न्हाय बाई कळत ती इंग्रजी गाणी."

"गाणं न्हाय कळलं तरी चालतंय. ठेका कळतोय न्हवं?"

तेव्हापासून एका गिटारीवर आम्ही दोघी. ती डावीकडं, मी उजवीकडं, गिटार दोघींच्या मांडीवर आडवी. तिचं डोकं माझ्या खांद्याला टेकलेलं असायचं. गाणं शेवटाला गेलं की ती मला गदागदा हलवायची, आणि मालक ओसरीवरनं म्हणायचे, "ऊस तोडून आल्यागत दमलाय की दोघी!"

मग तिला बंगळूरला नोकरी लागली. जाताना म्हणाली, "दिवाळीला येते, तवा ते अर्ध्यात बंद पडतंय ते गाणं पुरं करू." मी एकटीनं करून बघितलं, पण उजवा हात पुढं जायचा आणि डावी बोटं हिरवं बटन शोधत मागं राहायची. शेवटी गिटार पुसून कपाटात ठेवली आणि दिवाळीची वाट बघत बसले.

त्याआधी आली खंडेनवमी. मालकांनी सकाळी अंगणात विळे, खुरपी, फवारणीचा पंप, सगळं ओळीनं मांडलं. ट्रॅक्टरबरोबर सगळ्यांवर पाइपानं पाणी सोडलं. मी फुलांचं ताट घेऊन बाहेर आले, तर दोन विळ्यांच्या मधी गिटार! पाणी निथळतंय, हळदीकुंकू लावलेलं.

"अवो, ही कशापायी धुतली?"

"पोरीचं अवजार हाय ते. समद्यांची पूजा करायची आन तिचं तेवढं कपाटात ठिवायचं व्हय?"

पोरगी गेल्यापासून या माणसानं तिची आठवण येते असं एकदाही म्हटलं नव्हतं. झेंडूचं सगळ्यात मोठं फूल त्यांनी गिटारीवर ठेवलं होतं.

उन्हात वाळवली, नवे सेल घातले. बाकीची बटनं चालली, हिरवं काही केल्या चालेना. हिरवा ठिपका तर सारखाच येतो. प्रत्येक गाण्याला हुर्यो.

दिवाळीच्या तोंडावर नातीचा फोन आला. "आजी, सुट्टी न्हाय मिळाली गं."

मी बरं म्हटलं. मग उगाच बोलायचं म्हणून गिटारीची आंघोळ सांगितली. पोरगी हसून हसून बेजार.

"आबांनी पूजा केली तिची?"

"झेंडूबी घातला."

नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "एक सेटिंग हाय त्यात. ते लावलं की किती बी चुकलं तरी गाणं थांबत न्हाय." फोनवरच एकेक करत तिनं ते माझ्याकडनं लावून घेतलं.

पाडव्याला दुपारी मालक चष्मा लावून तिच्या जागी बसले. त्यांचं बोट एवढं जाड की एकदम दोन बटनं दबतात.

"अवो, पिवळं!"

"दिसतंय मला."

"मग दाबा की!"

हिरवा ठिपका आला की ते बोट उचलतात. मी पट्टी मारतेच, नाहीतर ठेका तुटतो. तेवढ्यापुरती गिटार मुकी होते आणि गाणं पुढं जातं.

गाणं संपल्यावर ते म्हणाले, "बारामतीला दावून आणू का? हुईल दुरुस्त."

म्हटलं, "ऱ्हाऊ द्या. ती आल्यावर बगंल."