भिंतीवरचा बाबा

सातवीतच शाळा सोडलेल्या मला परमुलखातल्या या संग्रहालयाने काचा पुसायचं काम दिलं, हे उपकारच. रोज सकाळी मी एका जुन्या इराणी चित्राची काच पुसतो. तळहाताएवढ्या त्या चित्रात झाडाला राजपुत्राची तसबीर टांगलीय आणि राजकन्या तिच्याकडे बघत थबकलीय. माहिती सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, तिने त्याला अजून पाहिलेलंच नाही, नुसत्या तसबिरीवर जीव जडला.

तेव्हापासून मी माझ्याच फोटोवर जळतो. मी निघालो तेव्हा मुलगी पाळण्यात होती. आता ती जेवताना पहिला घास भिंतीवरच्या माझ्या फोटोला लावते. काल व्हिडिओ कॉलवर मी म्हणालो, "चिमे, मला दे की घास!"

"तुला न्हाय. माझ्या बाबाला."

"अगं, ह्योच त्यो!" बायको हसली. पोरीला काही पटलं नाही.

पुढच्या महिन्यात सुट्टी आहे. आधी वाटलं, फोटो उतरवायला सांगावं. पण तो गेला आणि मीही नकोसा झालो तर? राहू दे. फोटो उंचावर आहे, घास भरवायला तिला कुणीतरी उचलून धरावं लागतं. ते मी करीन.